सिंकच्या कडेला सिलिकॉन कसं भरावं

सिंक आणि ओट्याच्या मधल्या फटीत व्हाईट सिमेंट भरून प्लंबर निघून जातो, आणि काही महिन्यांत तिथेच पुन्हा चीर पडते. सिमेंट ताठ, सिंक मात्र भांड्यांच्या वजनाने हलणारं. दुसरं काय होणार? तिथे सिलिकॉन रबरच हवं. त्याच्या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. साधारण उणे 50 ते 200 अंश सेल्सियस ते सहज सोसतं, पाण्याला दाद देत नाही, ताणलं तरी पुन्हा जागेवर येतं. केकचे मऊ साचे त्याचेच.

खरेदी

पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात नुसतं ‘सिलिकॉन द्या’ म्हणू नका. स्वस्तातल्या नळीला व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसिटिक आम्लाचा. काच, ग्लेझ्ड टाइलला ती उत्तम. पण पुण्यातल्या जुन्या ओट्यांचा कडप्पा आणि मोरीतली शहाबादी म्हणजे शेवटी चुनखडीच. आम्लाने पॉलिश जातं आणि पकडही नीट बसत नाही. तिथे ‘न्यूट्रल’ घ्या, आणि नळीवर तो शब्द वाचूनच पैसे द्या. सोबत नळी दाबायची गन आणि मास्किंग टेप.

भरणं

1. जुनं सगळं कटरने खरवडून काढा. कंटाळा इथेच येतो, पण जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही.

2. फट स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रात्री साफ करून सकाळी भरलेलं बरं.

3. दोन्ही कडांना टेप लावा. नोझल फटीच्या रुंदीइतकं तिरपं कापा. मोठं कापलं की ओघळ आलेच.

4. गन एकसारखी दाबत, न थांबता एका दमात ओढा.

5. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा. साय धरायच्या आत टेप काढा.

सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे पावसाळ्यात लवकर, एप्रिलच्या कोरड्या हवेत सावकाश. दोन दिवस सिंक कोरडं ठेवा. भांडी तोवर बाथरूममध्ये घासा, घरचे कुरकुरतील. वरून रंग मारायचा बेत असेल तर सोडा, या रबरावर रंग टिकत नाही.

नळी उरली तर नोझलमध्ये लांब स्क्रू फिरवून ठेवा. पुढच्या वेळी स्क्रूबरोबर वाळलेला बोळाही बाहेर येतो.