पऱ्यावर वनराई बंधारा घालताना

आमची वाडी रत्नागिरीच्या काजळी नदीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी आहे. जुलैत हा पऱ्या ओलांडायची भीती वाटते आणि एप्रिलात त्यात गुरांचं तोंड भिजेल एवढंही पाणी नसतं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जमीन जांभ्याची नि उताराची. सगळं पाणी भाट्याच्या खाडीला जातं. म्हणून आम्ही दरवर्षी श्रमदानानं वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध घालतो.

वीस फूट लांब, तीन फूट उंच बंधाऱ्याला सिमेंटच्या दोन-अडीचशे रिकाम्या गोण्या लागतात. गणपतीपासूनच जमवायला लागा. जिथे घराचं काम चालू असेल तिथे आधी सांगून ठेवलं, की गोणी फाडत नाहीत.

परतीचा पाऊस सरून पाणी नितळ झालं, धार गुडघ्याखाली आली, की सुरुवात करा. एका वर्षी आम्ही सप्टेंबरातच घाई केली. चौथ्या रात्री पाऊस कोसळला आणि सकाळी सगळ्या गोण्या खालच्या कोंडीत. उशीर केलात तर अडवायला पाणीच उरत नाही.

जागा अरुंद, काठ उंच आणि तळाला कातळ अशी बघा. पालापाचोळा, गाळ, सुटे दगड काढून कातळ उघडा करा. गोण पाऊणच भरा. गच्च भरली तर गोल होते, बसत नाही. मातीसाठी काठ खणू नका, पात्रात साठलेली वाळू-माती घ्या. तोंड दाभण-सुतळीनं शिवा. तळाचा थर पाच फूट रुंद, वरचा दोन फूट. विटांसारखे सांधे चुकवायचे, प्रत्येक थर पायांनी तुडवायचा, पाण्याच्या अंगाला चिकण माती लिंपायची.

बंधारा बहुतेक वेळा कडेनं फुटतो. म्हणून दोन्ही टोकं काठात दोन-दोन फूट घुसवा आणि मधला भाग एका गोणीनं खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी मधूनच सांडेल. आमचा पहिला बंधारा वरून सपाट होता. पाण्यानं काठ कापला आणि शेजारच्या काकांची भरली पोफळ मुळासकट आडवी झाली. काका एका शब्दानं बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. पुढच्या वर्षी त्याच कडेची पहिली गोण त्यांनी स्वतः लावली.

पाणी तुंबलं की मूठभर भाताचं तूस वर सोडा आणि निवांत बघत बसा. तूस आधी पसरतं, मग एखाद्या जागी गोल फिरत आत ओढलं जातं. गळती तिथेच. तिथे चिकण मातीचा गोळा पायानं दाबा.

आणि खालच्या वाडीला विचारल्याशिवाय पहिली गोणसुद्धा टाकू नका. त्यांची गुरं त्याच पाण्यावर आहेत. तळात एक पाइप घाला आणि बंधारा भरेपर्यंत उघडा ठेवा, म्हणजे त्यांची धार तुटत नाही.

मे महिन्यात गोण्या काढायच्याच. उन्हानं त्यांचे तंतू सुटतात, पहिल्या पुराबरोबर खाडीत जातात आणि कोळ्यांच्या जाळ्यात अडकतात. मेमध्ये चाकरमानीही गावी असतात, हात कमी पडत नाहीत. धड गोण्या धुऊन, वाळवून, मोजून आम्ही देवळाच्या माळ्यावर ठेवतो.