पूर यायच्या आधीच ड्युटी लावा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. कोल्हापुरातल्या बातमीदाराचा जुलै-ऑगस्ट या दोन आकड्यांवर चालतो. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा महापूर. जिल्हा डेस्क सांभाळताना मी नव्या पोरापोरींना सांगते, मनाची तयारी रेनकोटाबरोबरच करायची.

मे संपायच्या आत पाळ्यांचा तक्ता लावा. शिरोळ, प्रयाग चिखली, आंबेवाडीला जोडीनंच पाठवा. दोन दिवस पाण्यात काढलेला माणूस तिसऱ्या दिवशी घरी झोपेल, फोनवर बातमी देत बसणार नाही. ज्याचं घर पूरपट्ट्यात आहे, त्याला आधी सामान हलवायला सुट्टी. स्वतःची आई माळ्यावर अडकलेली आणि पोरगा दुसऱ्याच्या आईची बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया, घेतोय, ही वेळ कुणावर आणू नका. रात्री बंधाऱ्याची पातळी रात्रपाळीवाला एकटाच बघेल, बाकीच्यांनी मोबाइल लांब ठेवावा.

ऑफिसात बसून फुटेज बघणाऱ्याला काही होत नाही, हा समज सोडा. दाव्याला बांधलेली म्हैस गोठ्यातच बुडालेली, आणि मागं मालकिणीचा हंबरडा. असा व्हिडिओ कापायचा तर आधी आवाज बंद करा, स्क्रीनवरची खिडकी लहान करा, लागेल तेवढाच भाग बघा. फाइलच्या नावातच ‘मृत जनावर’ लिहा, म्हणजे पुढचा नकळत उघडणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद ठेवा.

पाणी ओसरल्यावर जास्त जड जातं. हवामानबदलावर कितीही लिहा, पुढच्या पावसात परत तोच चिखल, हा विचार माणसाला आतून पोखरतो. त्यासाठी एक गाव धरा. कोरड्या महिन्यांत तिथं जा. पंचनामे झाले का, अनुदान खात्यावर आलं का, पूररेषेत नवं बांधकाम कोण करतंय, हे लिहा. एखादं काम मार्गी लागलेलं डोळ्यांनी दिसलं की पुढचा पूर कव्हर करायला बळ येतं.

झोप उडाली, पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडते, घरच्यांवर उगाच खेकसणं होतंय, आणि हे दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर मानसोपचार डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि संपादकांनो, अशा माणसाला रजा द्या, पण त्याचं बीट, म्हणजे त्याला ठरवून दिलेला बातम्यांचा विषय, काढून घेऊ नका. बीट जाईल या भीतीनंच पोरं गप्प बसतात.