कल्पना चालेल का? आधी तिचा खाडा शोधा

परवा भाची आली ती लॅपटॉप उघडूनच. ‘मावशी, पैठण्या भाड्याने द्यायच्या. ॲप काढायचं. बावीस जणींना विचारलं, बावीसच्या बावीस म्हणाल्या, मस्त आयडिया!’

मी चहा टाकला. मस्त आयडिया आहे असं २०१६ साली मलाही सगळे म्हणाले होते. हिंजवडीतल्या आयटीवाल्या मुलांना घरचा डबा पोचवायचा, नोंदणी ॲपवर. दीड वर्षाने गाशा गुंडाळला तेव्हा माळ्यावर एकशे ऐंशी स्टीलचे डबे उरले होते. अजूनही आहेत. तेव्हापासून कुणी धंद्याची कल्पना घेऊन आलं की मी ती एका ठरावीक क्रमाने तपासते. भाचीची तशीच तपासली.

पहिली गोष्ट म्हणजे लोकांना मत विचारायचं नाही. आपल्याकडे तोंडावर कुणी वाईट बोलत नाही, त्यातून विचारणारी नात्यातली असेल तर नाहीच. त्याऐवजी मागच्या वेळी काय केलंत ते विचारा. मी भाचीला त्याच बावीस जणींना पुन्हा फोन करायला लावले. प्रश्न एवढाच: शेवटच्या लग्नाला काय नेसलात, ते कुठून आणलंत, किती पैसे गेले? सतरा जणींचं उत्तर जवळपास एकच निघालं. स्वतःची, आईची, नाहीतर जाऊबाईंची. खर्च शून्य, फार तर इस्त्रीचे पन्नास रुपये. म्हणजे भाचीची स्पर्धा दुसऱ्या ॲपशी नव्हतीच, जाऊबाईंच्या कपाटाशी होती, आणि ते कपाट फुकट आहे. उरलेल्या पाच जणींची नावं मात्र तिला जपून ठेवायला सांगितली, त्यांच्याकडे नंतर येते.

मग एका नगाचा हिशेब. कागदावर, हाताने. एक्सेलमध्ये आकडा खाली ओढला की पाच वर्षं आपोआप भरतात आणि आपण उगाच खूश होतो. एक पैठणी १६,००० ला. भाडं १,८००. त्यातून ड्रायक्लीन आणि रोलपॉलिशचे ३५०, नेण्या-आणण्याचे १५०. सुटले १,३००. म्हणजे साडीची नुसती किंमत वसूल व्हायला तेरा वेळा ती बाहेर जायला हवी. त्यात फोटो, जाहिरात, भाचीचा पगार काहीच धरलेलं नाही. हळदीचा डाग पडला तर तोही नाही.

‘तेरा काय, सहज होतील,’ ती म्हणाली. हिशेबात ‘सहज’ आलं की समजायचं, खाडा इथेच कुठेतरी आहे.

खाडा मेसमध्ये जेवलेल्यांना सांगायला नको. एखाद्या दिवशी जेवायचं नसेल तर आधी कळवायचं, तो दिवस पुढे मोजून मिळतो. माझं महिन्याचं गणित २६ डब्यांचं होतं. ३,००० रुपये, म्हणजे डब्यामागे साधारण ११५. खर्च १०१: शिधा ५२, गॅस आणि दोघी बायकांचा पगार २४, पोचवणाऱ्या मुलाचे २२, डबे घासण्याचे ३. सुटत होते १४. कागदावर उत्तम! पण गिऱ्हाईक महिन्याला सरासरी सहा खाडे करी. कुणाचं वर्क फ्रॉम होम, कुणाची टीम पार्टी, कुणी गावाला. मेसेज यायचा सकाळी नऊला, तोवर पोळ्या लाटून झालेल्या आणि पगार तर महिन्याचेच. पैसे वीस डब्यांचे, २,३००. खर्च सव्वीसांचा, २,६२६. गिऱ्हाइकामागे महिन्याला ३२६ रुपये खिशातून जात होते आणि गिऱ्हाइकं वाढली म्हणून मी पेढे वाटत होते. खाडे बंद केले तर मुलं शेजारच्या काकूंच्या मेसला गेली. काकूंना खाडा परवडतो, कारण स्वयंपाक त्या स्वतः करतात आणि उरलेल्या पोळीची घरी फोडणीची पोळी होते.

प्रत्येक धंद्यात असा एखादा रिवाज असतो. तो घरी बसून सापडत नाही. त्या धंद्यात मुरलेल्या माणसाजवळ दोन-चार दिवस बसा आणि एकच विचारा, ‘तुमचे पैसे नेमके कुठे अडकतात?’ भाचीला मी नऊवारी शिवून भाड्याने देणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पंचांग घेऊनच परत आली. खाडा सापडला होता: मुहूर्त. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं जवळपास थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. चार महिने साड्या कपाटात. हंगामात उलटी तऱ्हा, एकाच तारखेला सगळ्यांना हवी. साडी दोन दिवस आधी जाते आणि दोन दिवसांनी परत येते, म्हणजे एका आठवड्यात दोन मुहूर्त असले तरी एकच भाडं. पेन्सिल घेऊन मोजलं तर वर्षाला नऊ फेऱ्या निघाल्या, त्याही ओढून-ताणून. शिवाय ब्लाउज! साडी कुणालाही होते, ब्लाउज होत नाही.

चेहरा पडला बिचारीचा. पण कल्पना इथे मरतेच असं नाही, कधी कधी ती कूस बदलते. आता त्या पाच जणी. त्यांतल्या तिघींना पैठणी हवी होती ती डोहाळजेवणाला. माहेर लांब, सासूबाईंची साडी मागायची भीड, शिवाय फोटोग्राफर ठरलेला. बाळं बारा महिने होतात, त्यामुळे एकाच तारखेवर झुंबड नाही. आणि सातव्या महिन्यात स्वतःचं ब्लाउजही होत नसल्याने नाडीचं, सैल-घट्ट होणारं ब्लाउज सोबत दिलं तर त्याचेही पैसे मिळतात.

तरीही लगेच ॲप नको. अमेरिकेतल्या ‘रेंट द रनवे’ची गोष्ट मी तिला सांगितली. जेनिफर हायमन आणि जेनिफर फ्लाइस या हार्वर्डमध्ये शिकलेल्या दोघींनी २००९ मध्ये साइट सुरू केली, पण त्याआधी स्वतः ड्रेस विकत आणून कॉलेजच्या मुलींना भाड्याने देऊन पाहिले. पहिल्यांदा घालून बघू दिले, दुसऱ्यांदा नुसते बघू दिले, तिसऱ्यांदा फक्त फोटो दाखवले. दर खेपेला एक सोय काढून घेतली आणि तरी पैसे देतात का ते तपासलं. मला ही युक्ती फार आवडते. तिला साइट लागत नाही, ड्रेस आणि थोडा निगरगट्टपणा लागतो.

भाचीने तीन पैठण्या घेतल्या, एक आईचीच. व्हॉट्सॲपवर फोटो, सोबत ओळ: ५०० रुपये आगाऊ दिले तरच तारीख राखून ठेवू. पंधरा दिवसांत एकोणीस चौकश्या, चार जणींचे पैसे. मी चारच मोजते.

शेवटचं काम मात्र पहिल्या दिवशीच करायचं. किती पैसे गेले की थांबायचं आणि कधी, हे लिहून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. मी लिहिलं नव्हतं, म्हणून शेवटचे सहा महिने माझी एफडी मोडत राहिले. भाचीचा कागद माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय: चाळीस हजार किंवा अक्षय तृतीया, जे आधी येईल ते. काल तिचा फोन आला, चौघींपैकी एकीने आगाऊ रक्कम परत मागितली, बाळ लवकर आलं म्हणून. द्यायची का, असं विचारत होती.