लॅटिन ‘रोबुस्तुस’चा अर्थ लावताना या चुका टाळा

‘रोबुस्तुस’ म्हणजे ‘बळकट’, एवढंच पाठ केलं की घोटाळा सुरू होतो. या विशेषणामागे ‘रोबुर’ हे नाम आहे. रोबुर म्हणजे ओकचं टणक लाकूड, आणि त्यावरूनच पुढे ताकद. त्यामुळे रोबुस्तुसमध्ये आडदांडपणा नाही, मुरलेला कणखरपणा आहे. रोमन कवी होरेस खडतर सैनिकी जीवनाने घडलेल्या पोरासाठी हाच शब्द वापरतो. तिथे ‘धिप्पाड’ लिहिलंत तर ओळीचा जीवच जातो.

सगळ्यात जास्त फसगत व्युत्पत्तीत होते. ‘उस्तुस’ म्हणजे जळलेला, म्हणून काहीजण ‘रोबुर अधिक उस्तुस’ अशी फोड करतात. ती चूक आहे. मूळ अंग ‘स’कारान्त, जुनं रूप ‘रोबुस’. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ झाला, म्हणून षष्ठीत ‘रोबोरिस’; तो ‘र’ मग प्रथमेतही शिरला. ‘त’च्या आधी मात्र ‘स’ टिकला. आपल्याकडे ‘दुर्जन’मध्ये र आणि ‘दुस्तर’मध्ये स दिसतो ना? नियम वेगळा आहे, पण डोळ्यांना सवय व्हायला हे उदाहरण फार कामी येतं. अनेक अभ्यासक रोबुरचं नातं तांबड्या रंगाशी जोडतात: ‘रुबेर’ म्हणजे लाल (आपल्या ‘रुधिर’चा भाऊबंद), आणि ‘रोबिगो’ म्हणजे गंज, पिकावरचा तांबेरासुद्धा. ‘रोबो’ला मात्र या घरात घेऊ नका, तो वेठबिगारीच्या चेक शब्दावरून, 1920च्या कारेल चापेकच्या नाटकातून आला.

शास्त्रीय नावं लिहिताना लिंग सांभाळा. ‘युकॅलिप्टस रोबुस्ता’ बघून ‘रोबुस्तुस’ करायचा मोह होतो, कारण पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘उस’ आहे. पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात. उलट ‘क्वेर्कुस रोबुर’ या ओकच्या शास्त्रीय नावातलं रोबुर हे नामच आहे, त्याला प्रत्यय लावून ‘सुधारू’ नये. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक, म्हणजे ‘ग्रेव्हिलिया रोबुस्ता’, ओकच्या कुळातला नाहीच. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. रोबस्टा कॉफीचं आजचं शास्त्रीय नाव ‘कॉफिया कॅनेफोरा’ आहे, तेव्हा लेखात दोन वेगळ्या जाती समजून मोजू नका.

आणि ‘पॅरान्थ्रोपस रोबुस्तुस’! जीवाश्मशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूमने 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रोमड्राईच्या मानवसदृश जीवाश्मांना हे नाव दिलं. नाव ऐकून लोक गोरिलाएवढा मानवपूर्वज रंगवतात. प्रत्यक्षात त्याची देहयष्टी आजच्या माणसापेक्षा लहान होती; भक्कम होते ते जबडे, दाढा आणि कवटीची हाडं. हे नाव कुठे भेटलं, तर आधी दाढांचं चित्र शोधून बघा.