‘तुझा पासवर्ड मला माहीत आहे’ असा मेल आला तर

गेल्या महिन्यात एका दुपारी उद्यमनगरातले एक मामा दुकानात आले. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान कोल्हापूरच्या शाहूपुरीत आहे, एकोणीस वर्षं झाली. मामांचं लेथचं काम. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून देतात, त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मीच बसवलेला. एरवी आले की बसायच्या आधी चहा सांगतात. त्या दिवशी झेरॉक्सचं गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "शटर जरा खाली वढ रं बाळा."

मोबाइल छातीशी धरलेला. मेल इंग्रजीत होता, रात्री दोनपर्यंत जागून एकेक ओळ मराठीत करून त्यांनी वाचलेला. मजकूर साधारण असा: तुझा पासवर्ड अमुक आहे. तू अश्लील साइट बघत होतास तेव्हा मी तुझ्या कॉम्प्युटरात व्हायरस सोडला, कॅमेरा चालू करून तुझा व्हिडिओ काढला. ४८ तासांत बिटकॉइनमध्ये १२०० डॉलर भर, नाहीतर तो तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो. मेल उघडलास हे मला कळलं आहे, घड्याळ सुरू झालं आहे.

"असलं काय केल्यालं न्हाई मी," मामा म्हणाले. "पण पासवर्ड माझाच हाय की रं. मग बाकीचं खोटं हाय म्हणून कोण इस्वास ठेवंल? घरात काय तोंड दाखवू?"

पासवर्ड वाचला आणि मी खाली बसलो. एमएच०९ आणि पुढे त्यांच्या जुन्या स्कूटरचे चार आकडे. २०११ साली हत्यारं विकणाऱ्या एका साइटवर त्यांचं खातं उघडताना, याच काउंटरवर, तो मीच टाइप करून दिला होता. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "मामा, तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला कॅमेरा कुठं आहे?"

मामा बघतच राहिले. सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड, माउस. कॅमेरा कधी बसवलाच नव्हता. रात्रभर जागलेल्या माणसाला ही गोष्ट एकदाही आठवली नव्हती.

तुम्हाला असा मेल आला तर आधी हेच करा. मेलमधलं प्रत्येक वाक्य सुटं करून विचारा, याचा पुरावा यानं काय दिलाय? कुणाच्या लॅपटॉपला कॅमेरा असेलही. पण ज्याच्याकडे खरंच व्हिडिओ आहे तो त्यातलं एक चित्र जोडल्याशिवाय राहत नाही. इथे बहुतेक वेळा तुमचं नाव नसतं, साइटचं नाव नसतं, तारीख नसते. असतो फक्त पासवर्ड. कधी त्याच्या जागी मोबाइल नंबर किंवा घरचा पत्ता असतो. हाच मेल एका वेळी लाखो पत्त्यांवर गेलेला असतो. पासवर्ड घालून असे मेल पाठवण्याची लाट २०१८ च्या जुलैपासून जगभर आली आणि मजकूर थोडाफार बदलत अजून चालू आहे. हल्ली त्यात पेगासस या मोबाइलवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव घालतात. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ते सरकारांनाच विकते असं सांगते. बाराशे डॉलरसाठी कोल्हापुरातल्या लेथवाल्याच्या मागे ते कोण लावणार?

मग पासवर्ड कुठून आला? चोरी तुमच्या घरात झालेली नसते. कधीतरी खातं उघडलेल्या एखाद्या साइटवर दरोडा पडतो आणि तिथल्या मेल-पासवर्डच्या याद्या बाजारात येतात. लिंक्डइनवर २०१२ साली अशी चोरी झाली आणि २०१६ मध्ये त्यातली ११ कोटींहून जास्त खाती विक्रीला आली. अशा याद्या विकत घ्यायच्या आणि प्रत्येक ओळीला एक मेल सोडायचा, एवढाच हा धंदा. आपला पत्ता कुठल्या चोरीत गेलाय हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञानं ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे फक्त मेलचा पत्ता घाला, पासवर्ड कुठेच टाइप करू नका. मामांचा पत्ता घातला तर दोन चोऱ्या निघाल्या.

काही मेल तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. "बघ, तुझं खातं माझ्या हातात आहे," असं वर लिहिलेलंही असतं. पत्राच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव घालता येतं, पोस्टमन ते तपासत नाही. मेलचंही तसंच आहे. आपल्या ‘सेंट’मध्ये तो मेल आहे का बघा, नसतो. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ घ्या. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी येतात, मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का याच्या त्या तपासण्या. त्यांच्यापुढे ‘फेल’ दिसलं की वरचा पत्ता बनावट समजायला हरकत नाही.

आता करायचं काय. उत्तर द्यायचं नाही, शिवी द्यायलासुद्धा नाही. उत्तर गेलं की या पत्त्यावर जिवंत आणि घाबरलेला माणूस आहे हे त्याला कळतं. पैसे तर अजिबात द्यायचे नाहीत. बिटकॉइन एकदा गेलं की बँकेसारखं थांबवायला कुणी नाही, आणि एकदा देणाऱ्याकडे तो पुन्हा येतो. जोडलेली फाइल किंवा लिंक उघडू नका. खरा व्हायरस आलाच तर तिथून येईल. स्क्रीनशॉट काढा आणि मेल ‘रिपोर्ट फिशिंग’ किंवा स्पॅम करा. तक्रार करायची असेल तर तो पुसू नका, स्पॅमचं फोल्डर तीस दिवसांनी आपोआप रिकामं होतं, म्हणून ‘शो ओरिजिनल’मधूनच त्याची प्रत उतरवून ठेवा.

मग पासवर्ड. आधी मेलचा बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथूनच निघतात. नंतर बँक, नंतर तोच जुना पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. गाडीचा नंबर नको, मुलांची जन्मतारीख नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले की लांबही होतो आणि ध्यानातही राहतो. वहीत लिहून कपाटात ठेवला तरी माझी हरकत नाही, परदेशातला चोर तुमचं कपाट उघडायला येत नाही. गूगलच्या खात्यात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर खातं उघडत नाही, ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी मोबाइल दिसला तर काढून टाका आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये कुणी ‘फॉरवर्डिंग’, म्हणजे तुमचे मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सोय, लावून ठेवलं नाही ना तेही बघा.

दुसरा एक मेल आपल्याकडे फार फिरतो. राजमुद्रा आणि शिक्का मारलेली पीडीएफ, सीबीआय किंवा गुप्तचर खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्याची सही, तुमच्या इंटरनेटवरून लहान मुलांची अश्लील चित्रं बघितली गेली असा आरोप, आणि २४ तासांत उत्तर दे नाहीतर अटक. उत्तराचा पत्ता बघा, बहुतेक वेळा साधा जीमेलचा असतो. सरकारी पत्ते गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इननं संपतात. तरी शंका राहिली तर त्या पत्रातला नंबर सोडून, आपल्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.

इथपर्यंतचे मेल पोकळ असतात. पण एक प्रकार पोकळ नसतो, आणि तिथे मला खरी काळजी वाटते. अनोळखी मुलीच्या नावाची फ्रेंड रिक्वेस्ट, दोन दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल. समोर कपडे काढलेली बाई, बऱ्याचदा तीसुद्धा आधीच रेकॉर्ड केलेली. आपला चेहरा दिसला की कॉल कट, आणि पाच मिनिटांत आपलाच व्हिडिओ मित्रांच्या यादीसकट आपल्याला येतो. स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहणारा एक पोरगा असाच माझ्याकडे आला होता. दोनदा पैसे भरून झाले होते. त्यानंतर ‘पोलीस अधिकारी’ म्हणवणाऱ्याचा फोन, व्हिडिओ काढून टाकायला एवढे भरा म्हणून. तो अधिकारीही त्याच टोळीतला.

इथे घाई हवी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवण्याची आशा जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. त्याआधी प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, चॅट यांचे स्क्रीनशॉट घ्या. ब्लॉक त्यानंतर. भीतीपोटी खातं उडवलं तर पुरावाही जातो. आपली मित्रांची यादी लपवा आणि जवळच्यांना एकच ओळ पाठवा: माझ्या नावानं व्हिडिओ आला तर उघडू नका, रिपोर्ट करा. ‘स्टॉप एनसीआयआय’ या साइटवर आपल्याच मोबाइलमध्ये त्या व्हिडिओचा एक सांकेतिक ठसा तयार होतो. व्हिडिओ कुठे पाठवावा लागत नाही, फक्त ठसा जातो आणि सहभागी असलेल्या साइट तो ओळखून अडवतात. ही सोय अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. लहानांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे.

पोलिसांकडे जायला लोक बिचकतात, आपणच गुन्हा केल्यासारखं वाटतं. कायद्यानं तुम्ही फिर्यादी असता. धमकी देऊन पैसे उकळणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत कैद. त्या पोराबरोबर मी स्वतः पोलीस ठाण्यात गेलो होतो. बाकावर बसून त्यानं एकच विचारलं, "घरी फोन करतील काय हो दादा?" तो सज्ञान होता, तक्रार त्यानं स्वतःच्या नावानं दिली.

तुमच्याकडे कुणी असं सांगत आलं तर आधी त्याला बसवा. "कशाला उचललास कॉल?" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. एकट्याला खोलीवर पाठवू नका, कुणी तरी सोबत द्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे. वेळ हाताबाहेर जातेय असं वाटलं तर थेट ११२.

त्या दुपारी मामांची सहा खाती शोधली. चार शब्दांचा नवा पासवर्ड त्यांनी स्वतः निवडला, मी तोंड दुसरीकडे केलं. तिसऱ्या खात्याला त्यांनी घरी फोन लावला, "शाहूपुरीत हाय, उशीर हुईल, आल्यावर सांगतो सगळं." मग शटर वर करायला लावलं आणि चहा सांगितला.

त्या रात्री मी जुन्या बिलांच्या वह्या काढल्या. गाडीचा नंबर घालून पासवर्ड करून दिलेली माणसं आठवून यादी केली, एकेचाळीस नावं झाली. रोज दुकान उघडल्यावर दोघातिघांना फोन करतो. आत्तापर्यंत सव्वीस जणांचे बदलून झालेत. दोघांचे नंबर बंद लागतात, त्यांच्या घरी या रविवारी जायचं आहे.