हात-पाय कापल्यावर नसेचं ऑपरेशन (टीएमआर) : करायचं की नाही कसं ठरवायचं आणि तयारी काय करायची

हात किंवा पाय कापला की आतली नस (रक्ताची नव्हे, संवेदना आणि हुकूम नेणारी नर्व्ह) काही गप्प बसत नाही, ती वाढायला बघते पण पुढे जायला जागाच नाही मग टोकाशी गुंता होऊन गाठ बनते, तिला न्यूरोमा म्हणतात. सॉकेट (कृत्रिम हात-पायाचा वाटीसारखा भाग, ज्यात उरलेला अवयव बसतो) घातलं की करंट बसल्यासारखी कळ जाते ती बऱ्याचदा हिच्यामुळेच. टीएमआरमध्ये (टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन) ही गाठ काढतात आणि नसेचं टोक जवळच्या स्नायूत जाणाऱ्या बारीक नसेला जोडून देतात, म्हणजे तिला पुन्हा काम मिळतं.

पण आधी दुखतंय कशामुळे ते शोधा. स्टंपवर (कापल्यावर उरलेल्या भागावर) बोटाने हळूहळू टकटक करत जा, एकाच ठिकाणी झटका बसत असेल तर तिथे पेनने खूण करून डॉक्टरांना दाखवा. तिथे भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात, दुखणं तेवढ्यापुरतं गेलं तर नसच कारणीभूत असायची शक्यता जास्त. सॉकेट ढिलं असेल, हाड टोचत असेल, इन्फेक्शन असेल तर नसेचं ऑपरेशन करून काय फायदा? नसलेल्या बोटांत दुखतं ते फँटम पेन वेगळं, त्याची नोंद वेगळी ठेवा. २०१९ मध्ये अमेरिकेतली एक ट्रायल छापून आली त्यात टीएमआरवाल्यांचं फँटम पेन नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त कमी झालं, मात्र पेशंट फक्त २८ होते, त्यामुळे शंभर टक्के गॅरंटी कोणी देत असेल तर जरा सावध.

टीएमआरचा दुसरा उपयोग म्हणजे बॅटरीवाल्या कृत्रिम हाताचा कंट्रोल. कोपराच्या वर हात गेला असेल तर बॅटरीवाल्या हाताला सिग्नल द्यायला उरतात बायसेप्स आणि ट्रायसेप्स (दंडाचे पुढचे आणि मागचे स्नायू), त्या दोघांवरच कोपरही हलवायचा आणि मूठही, मग आता कोपर की मूठ, असा सारखा मोड बदलत बसा. टीएमआरमध्ये मीडियन नस (आधी मूठ मिटवणारी) बायसेप्सच्या एका भागाला जोडतात, त्यामुळे मूठ वळायचा नुसता विचार केला की तो भाग आवळतो आणि मशीनचा हात मिटतो, कोपर दुसऱ्या भागावर चालतो. मूठ उघडायला रेडियल नस (आधी बोटं उघडणारी) ट्रायसेप्सच्या एका भागात. शिकागोत डॉ. टॉड क्युकेन आणि डॉ. ग्रेगरी डुमॅनियन यांनी २००२ मध्ये हे पहिल्यांदा केलं, जेसी सलिव्हन नावाच्या लाईनमनवर, शॉक लागून त्याचे दोन्ही हात खांद्यापासून गेले होते म्हणून नसा छातीच्या स्नायूत जोडल्या.

जयपूर फूट वापरत असाल तर स्पष्ट सांगतो, तो पाय सिग्नल घेतच नाही, तेव्हा तुमच्यासाठी हे ऑपरेशन फक्त दुखण्यासाठी. बॅटरीचा हात लाखांत जातो, तो घेणं जमणार नसेल तर तुमचंही तसंच. आणि घरात कुणाचं कापायचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनला आत्ताच विचारा, त्याच वेळी टीएमआर करता येतं, दुसऱ्यांदा भूल नको.

सर्जन असा बघा की जो नसांची ऑपरेशनं नेहमी करतो, बहुतेक वेळा प्लास्टिक सर्जनच असतो. त्याच बैठकीला प्रोस्थेटिस्टलाही (कृत्रिम हात-पाय बनवून बसवणारा) न्या. सिगारेट, तंबाखू बंद, शुगर कंट्रोलमध्ये.

नंतर घाई करून चालत नाही. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून स्नायू फडफडायलाच ३ ते ६ महिने लागू शकतात, मधे काही आठवडे दुखणं उलट वाढतं तेव्हा घाबरू नका आणि गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्याची औषधं मनानेच बंद करू नका. सूज उतरली की स्टंपचा आकार बदलतो म्हणजे सॉकेट नवं. रोज आरशासमोर बसून नसलेली मूठ उघडा-मिटा, काहीच हललं नाही तरी करा, लोक इथेच कंटाळतात. डिस्चार्जच्या वेळी कुठली नस कुठल्या स्नायूला जोडली ते लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स प्रोस्थेटिस्टला द्या, स्नायूचा सिग्नल पकडणारा इलेक्ट्रोड कुठे बसवायचा ते त्यालाही नुसतं वरून बघून कळत नाही.