पावसाआधी सर्व्हरच्या खोलीचं पुरुमेंत

मिठाची पोती, सुके बांगडे, सोलां, मिरच्या घरात यायला लागल्या, म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळी बेगमीचे, दिवस आले, की मी सर्व्हरच्या खोलीची तयारीही काढतो. जूनमध्ये पाऊस लागून विजेची ये-जा सुरू झाली की मग केलेली धावपळ कामाची नसते.

ही सवय मला एका चवथीने, म्हणजे गणेशचतुर्थीने, लावली. फोंड्याजवळच्या एका कार्यालयात एकाच होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या सर्व्हरवर, अकरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालत होती. आदल्या संध्याकाळी मूळ घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत असताना फोन आला, सगळं बंद आहे. पोचलो तेव्हा कळलं, दोन पॉवर सप्लायपैकी एक जूनमधल्या गडगडाटातच गेला होता आणि दुसऱ्याने त्या दिवशी मान टाकली. अडीच महिने कुलूपबंद खोलीत नारिंगी दिवा जळत होता. आमच्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं, कारण आम्ही बघत होतो ते फक्त पिंग, म्हणजे मशीन हाकेला ओ देतं का ते, आणि आतल्या विंडोजची डिस्क किती भरली एवढंच. व्हर्च्युअल मशीनला खालचं लोखंड, म्हणजे खरं यंत्र, दिसत नाही. पंखा अडकला, रेडमधली (एक गेली तरी चालावं म्हणून जोडलेल्या डिस्कमधली) एक डिस्क गेली, तरी तिच्यापुरतं सगळं ठीक असतं. म्हणून विचारायचं ते थेट लोखंडाला.

त्यासाठी प्रत्येक सर्व्हरच्या मागे जाऊन व्यवस्थापनाच्या पोर्टला केबल आहे का ते डोळ्यांनी बघा. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ किंवा साधा बीएमसी, म्हणजे सर्व्हरच्या आत लोखंडावर नजर ठेवणारा छोटा वेगळा संगणक, मुख्य सर्व्हर बंद असतानाही जागा असतो. त्याला स्थिर आयपी द्या आणि वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवा. इथे कंटाळा करू नका. बीएमसीशी बोलण्याची ठरलेली पद्धत म्हणजे आयपीएमआय. तिच्या २.० ची रचनाच अशी आहे की लॉगिन पूर्ण होण्याआधी बीएमसी पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड ओळखता येऊ शकतो असा ठसा, समोरच्याला देऊन टाकतो, त्यामुळे हे पोर्ट इंटरनेटवर तर नकोच, कार्यालयाच्या वाय-फायवरही नको. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

मग निगराणीच्या सर्व्हरपासून तिथवर वाट मोकळी आहे का ते तपासा. आयपीएमआयला यूडीपी ६२३, एसएनएमपी या चौकशीच्या दुसऱ्या पद्धतीला १६१ आणि तिचे ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून धाडलेले इशारे, येण्यासाठी १६२, नव्या रेडफिश पद्धतीला नेहमीचा ४४३, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयला सीआयएम या सेवेमार्फत विचारायचं असेल तर ५९८९. ईएसएक्सआयवर ६.५ पासून ही सेवा मुळात बंद असते, ती चालू आहे का ते बघावं लागतं. शिवाय होस्टवर सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचे सीआयएम प्रोव्हायडर, म्हणजे ही माहिती पुरवणारी जोड-सॉफ्टवेअर, नसतील तर रेडची माहिती बहुधा येतच नाही, आणि यादीत डिस्क नाही म्हणजे डिस्क ठीक आहे असा समज होतो. ईएसएक्सआयऐवजी प्रॉक्समॉक्स असेल तर खाली डेबियन लिनक्सच आहे, आयपीएमआयटूल आणि डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टमॉनटूल्स टाकले की पुष्कळ काम होतं.

चौकशीसाठी फक्त वाचण्यापुरतं वेगळं खातं करा. आयपीएमआयटूल न सांगता प्रशासकाचे अधिकार मागतो. खात्याची पातळी यूजर असेल तर कमांडमध्ये तसं लिहावं लागतं, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. मी यात अख्खी दुपार घालवली आहे.

बघायचं काय? पॉवर सप्लाय, पंखे, रेडची बॅटरी, डिस्कचा आगाऊ इशारा, मेमरीतल्या दुरुस्त झालेल्या चुकांचा वाढता आकडा. आत येणाऱ्या हवेचं तापमान १८ ते २७ अंशांत असावं. एसी बंद पडला की सर्वांत आधी हाच आकडा बोलतो. किनाऱ्याजवळच्या इमारतीत खारी, दमट हवा संपर्कबिंदू गंजवते, तेव्हा पंख्याची जाळी आणि केबलची टोकंही बघून घ्या. बीएमसीतली घटनांची नोंदवही, तिची प्रत जपून ठेवून, रिकामी करा, कारण काही सर्व्हरवर ती भरली की नवी नोंद होतच नाही. घड्याळंही जुळवा.

आता खरी परीक्षा. दोन्ही सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत आणि दोन्ही दिवे हिरवे आहेत याची खात्री करा, कामाचे तास संपू द्या आणि एका सप्लायची वायर हाताने उपसा. त्याचा हिरवा दिवा जातो. मोबाईल हातात धरून मोजा, संदेश किती वेळाने येतो. मी पाच मिनिटांपर्यंत चालवून घेतो. दहा मिनिटांत काहीच आलं नाही तर वायर परत लावा आणि दोष सापडेपर्यंत घरी जाऊ नका. बहुतेक वेळा मेल कुणीतरी नोकरी सोडून गेलेल्याच्या पत्त्यावर जात असतो.

शेवटी कपाट. त्याच मॉडेलची एक डिस्क, एक पॉवर सप्लाय, एक पंखा जूनआधी आणून ठेवा. ऐन पावसात घाटातून पार्सल कधी येईल ते सांगता येत नाही. चवथीच्या दिवसांत संदेश कुणाच्या फोनवर जाणार ते नाव आत्ताच लिहा, आणि खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच द्या.